एका दिवसाची परवानगी

सान्ता रीता, ३ सप्टेंबर

नेरेइदा, पोरी,

तुझा पत्ता मी रुतिलिओमामाकडून काढून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तीन रविवार त्याच्या दारात ठाण मांडून बसले तेव्हा कुठे त्याने दिला, तोही शेजारीपाजारी बघायला लागले म्हणून. फोन तू उचलत नाहीस, बरोबरच आहे. पण पत्राचं एक बरं असतं. नको असलं तरी ते घरात येऊन पडतं, आणि एखाद्या दिवशी माणूस उघडतंच.

मी बरी आहे. पंधरा ऑगस्टला चर्चमध्ये जाऊन ग्वादालूपे मातेसमोर शपथ घेतली, वर्षभर दारूचा एक थेंब नाही. फादर मेलितोननी कार्डावर माझं नाव आणि तारीख लिहून शिक्का मारून दिला. तुझे आजोबा घ्यायचे तशीच शपथ, फक्त ते चाळीस दिवसांची घ्यायचे आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्यांना घरी उचलून आणावं लागायचं. मी वर्षाची घेतली आहे. आता कोणाकडे गेलं की लोक विचारायच्या आत सरबत पुढे करतात आणि ओदिलियाबाई म्हणतात. आधी काय म्हणायचे ते तुला माहीत आहे.

त्या मे महिन्यातल्या दुपारबद्दल मी पुन्हा काही उगाळत नाही. उकाडा होता, माझा डोळा लागला, तुझी रेनाता हौदापाशी गेली. शेजारची दोन्या फिना भिंतीवरून डोकावली आणि तिने पोरीला बाहेर काढलं, देवाचे उपकार. तू तिला घेऊन तिहुआनाला गेलीस त्याला आता सव्वादोन वर्षं झाली.

मागच्या मंगळवारी बसने वातुस्कोला जाऊन आले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काही विशेष नाही, वयाचं आहे म्हणाले.

रेनाताचा एखादा फोटो पाठव. मागे काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी आई,
ओदिलिया

 

सान्ता रीता, १९ ऑक्टोबर

नेरेइदा,

डोळ्यांचं खोटं होतं. माझे डोळे ठणठणीत आहेत.

झालं असं, की कार्ड घेऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि दुपारचे तीन वाजले की माझे हात कापायला लागायचे. मी कार्ड छातीशी धरून खाटेवर बसायचे आणि बाहेर अंगणात जायचं टाळायचे, कारण अंगणातून कोपऱ्यावरचं दुकान दिसतं. कार्ड बिचारं काय करणार. त्याच्याशी बोललं तरी ते उत्तर देत नाही.

आपल्याच गल्लीच्या टोकाला, पंक्चरवाल्याच्या वरच्या मजल्यावर, ती निळ्या त्रिकोणाची पाटी माझ्या लग्नाआधीपासून लटकलेली आहे. दारू सोडणाऱ्यांचा गट तिथे रोज पाच वाजता बसतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तू लहान असताना मी तुझा हात धरून मुद्दाम पलीकडच्या बाजूने चालायचे. शपथ घेतलेली बाई भाविक असते, पण तो जिना चढणारी बाई दारुडी ठरते. मला भाविक राहूनच बरं व्हायचं होतं. म्हणून म्हटलं, वातुस्कोला जाऊ, तिथे मला कोण ओळखतंय.

तिथला गट शोधून काढला, शेवटच्या रांगेत बसले, आणि उजवीकडे बघते तर आपला पाववाला फिदेन्सिओ. रोज चार वाजता डोक्यावर टोपली घेऊन आपल्या दारात येतो तोच. मी त्याला ओळख दाखवली नाही, त्यानेही मला दाखवली नाही. पण गावाकडे येणारी बस एकच. तासभर आम्ही एकाच बसमध्ये एकमेकांना न ओळखता बसलो. उतरल्यावर त्याने विचारलं, "काय ओदिलियाबाई, इकडे कशा?"

"डोळे दाखवायला. तुम्ही?"

"दाढ."

थोडं चालल्यावर तो थांबला. म्हणाला, "चार वर्षं झाली मी ही दाढ दाखवतोय. आपल्या इथला जिना चढायला पाच मिनिटं लागत नाहीत. तुम्ही आधी गेलात तर मीही येईन म्हणतो."

असा हा शूर माणूस. पण त्याला हसायला मी कोण, मीही तेवढीच शूर. आणखी सहा आठवडे मी त्या पाटीखालून नुसती ये-जा केली. मागच्या गुरुवारी उत्तरेकडचं वादळ आलं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, म्हटलं आज आपल्याला कोणी बघणार नाही. तेवढ्या हिशेबाने मी वर गेले.

वर एकच बाई होती. बाजारात डुकराचं मांस विकणारी दोन्या चेन्चा, जिच्या सुऱ्याच्या आवाजाला तू लहानपणी घाबरायचीस. अंगावर दुकानाचा एप्रन तसाच. तिने मला काही विचारलं नाही, कपात कॉफी ओतून दिली आणि समोरच्या रांगेत बस म्हणाली. मग घड्याळाकडे बघत राहिली. मला वाटलं, कोणी आलं नाही तर ती कुलूप लावेल आणि मीही सुटेन. पाच वाजले तशी तिने घंटी वाजवली, समोरच्या व्यासपीठावर चढली, चष्मा लावला आणि तीस रिकाम्या खुर्च्यांना आणि मला म्हणाली, "नमस्कार सोबत्यांनो. माझं नाव क्रेसेन्सिया, आणि मी दारुडी आहे."

नेरेइदा, हे ती बाजारात भाव सांगते त्या आवाजात म्हणाली. खिडक्या वाऱ्याने थडथडत होत्या म्हणून जरा वरच्या पट्टीत. पाऊण तास बोलली. तिची आई गेल्यावर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आलेल्या माणसांच्या कॉफीत घालायची दारू तिनेच पिऊन टाकली, आणि प्रार्थनेच्या शेवटी क्रूस उचलायच्या वेळी तिला स्वयंपाकघरातून पायाला धरून ओढून काढावं लागलं, हे सांगितलं. रडली नाही, छाती बडवली नाही. जे झालं ते सांगितलं, आणि त्याला एकोणीस वर्षं झाली म्हणाली. मग घंटी वाजवून खाली उतरली आणि दोन्ही कप विसळायला लागली.

मी विचारलं, मी आले नसते तर काय केलं असतंत. ती म्हणाली, "बोलले असते. अकरा वर्षांपूर्वी जानेवारीभर इथे चिटपाखरू नव्हतं. महिनाभर खुर्च्यांशी बोलले. खुर्च्या प्यायल्या नाहीत, मीही नाही."

मी आता रोज जाते. आपल्या बाजूने, पलीकडून नाही.

तुझी आई

 

सान्ता रीता, २ डिसेंबर

नेरेइदा,

फोटो मिळाला. मागे काही लिहू नकोस असं मीच सांगितलं होतं, तरी उलटून पाहिलं.

केस किती छान कापलेस तिचे. कपाळ तुझ्यासारखं आहे आणि रुसायची तऱ्हाही. मी तो गटात दाखवला. दोन्या चेन्चाने आधी हात साबणाने धुतले, एप्रनला न पुसता हवेत वाळवले आणि मग फोटो कडेला धरून घेतला. बराच वेळ बघून म्हणाली, "ही कोणाचं ऐकणार नाही." मला इतकं बरं वाटलं.

या बाईबद्दल तुला सांगावं तेवढं थोडं आहे. ती कोणाला उपदेश करत नाही. एखादा दोन दिवस आला नाही तर चौकशी करत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी तिच्या दुकानात तळलेल्या डुकराच्या चिचारोनची पुडी जाते, गरम, आणि निरोप काहीही नसतो. पुडी आली की माणसाला कळतं, आपली खुर्ची कोणीतरी मोजली. मागच्या आठवड्यात मला एकदा आली. मी प्यायले नव्हते, पण दुकानाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले होते. ती पुडी मी उभ्याउभ्या संपवली आणि पाच वाजता गेले.

फिदेन्सिओही आला एकदाचा. पहिल्या दिवशी टोपली बरोबर घेऊन, म्हणजे कोणी विचारलं तर पाव द्यायला आलो म्हणता येईल. आता टोपली खाली ठेवून येतो. तो व्यासपीठावर चढून दाढेची गोष्ट सांगतो तेव्हा सगळे पोट धरून हसतात, आणि तोही.

मी मात्र अजून वर चढलेले नाही. कॉफीचे दाणे निवडायचं काम सुरू झालं आहे, सकाळी सहाला टेबलाशी बसते. हात आता कापत नाहीत. काळा दाणा लगेच सापडतो.

आई

 

सान्ता रीता, ५ फेब्रुवारी

नेरेइदा,

तुला मामाकडून काहीबाही कळलं असेल, म्हणून मीच सांगते.

दोन तारखेला त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. मादरीना, पोराची धर्ममाता, मला केलं होतं. त्याने स्वतः येऊन सांगितलं, तू शपथ घेतलेली आहेस, तुझ्या हाताला आता पुण्य आहे. फक्त पहिला पेला मादरीनाने उचलायचा असतो, आणि सरबताचा पेला उचलला तर पोराचं नशीब पाणचट होतं असं त्याचं म्हणणं. मग करायचं काय, तर सगळे करतात तेच. मी फादर मेलितोनकडे गेले आणि एका दिवसाची परवानगी मागितली. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, दोन फेब्रुवारी, दुपारी बारा ते सहा, खाली शिक्का. त्यांचाही दोष नाही. परवानगी दिली नाही तर लोक शपथच मोडतात, असा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव.

घरी येताना मी जवळजवळ पळत होते. तो आनंद पोराच्या बाप्तिस्म्याचा नव्हता. तू मला ओळखतेस, तुला कळेल कसला होता.

गटात मी शपथेबद्दल कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, एका दाराला दोन कुलपं असली तर बिघडलं कुठे. पण चिठ्ठी घेऊन मी सरळ दोन्या चेन्चाच्या दुकानी गेले. तिथे का गेले, ते मला आजही सांगता येत नाही. म्हटलं, हे बघा, पाप नाही, शिक्का आहे.

तिने हात धुऊन चिठ्ठी दोनदा वाचली. "शिक्का छान उमटलाय," म्हणाली. मग म्हणाली, "माझ्याकडे अशा तीन होत्या. पहिल्या दोन एकेका दिवसात संपल्या. तिसरी भाच्याच्या लग्नाची, तीही एकाच दिवसाची. ती चार वर्षं चालली."

चिठ्ठी माझ्या हातात परत देऊन ती गिऱ्हाइकाकडे वळली. जाऊ नकोस असं ती म्हणेल म्हणून मी तिथेच उभी राहिले. ती म्हणाली नाही. बरगड्या तोडून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाप्तिस्मा किती वाजता?"

आली बरं का. आमंत्रण नसताना, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा निळा झगा घालून, डोक्यावर मांसाचं ताट घेऊन. असं ताट आणणाऱ्या बाईला कोण परत पाठवणार. येऊन माझ्या शेजारी बसली. मामाने पेला भरून माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, फादरांची परवानगी आहे हिला. उसाची दारू होती, आपल्या बाजूची, तिचा वास मला आंधळेपणीही ओळखता येईल. मी दोन्या चेन्चाकडे पाहिलं. म्हटलं, आता घेईल ती माझ्या हातातून. तिचे हात रिकामे होते, मांडीवर ठेवलेले. ती समोर नाचणाऱ्यांकडे बघत होती. पेला मी किती वेळ धरून होते कोण जाणे, मामाच्या कपाळावर आठी आली.

मग मी म्हटलं, "रुतिलिओ, हा घेऊन जा. मला जास्वंदीचं सरबत दे. मी दारुडी आहे."

मामा कुजबुजत म्हणाला, "काय बोलतेस ओदी, लोक बसलेत. तू शपथ घेतलेली आहेस."

"ती घेतली आहे. आणि दारुडीही आहे."

मामीने छातीवर क्रूस काढला. मामाचं तोंड असं झालं की जणू मी त्याच्या नातवालाच शिवी दिली. घराण्यात शपथा घेणारे डझनभर होऊन गेले, दारुडं कोणी नव्हतं, निदान मोठ्याने तरी नव्हतं. तेव्हा दोन्या चेन्चा उठली, "सरबत मलाही," म्हणाली आणि मामाचा हात धरून त्याला नाचायला घेऊन गेली. सत्तर वर्षांची बाई, नेरेइदा. त्याची टोपी पडेपर्यंत तिने त्याला सोडलं नाही, आणि परत आला तेव्हा तो हसत होता. पोराच्या नावाने पेला मी सरबताचाच उचलला.

घरी जाताना मी तिला विचारलं, तुम्ही पेला माझ्या हातातून का नाही घेतलात. ती म्हणाली, "किती दिवस तुझ्या शेजारी बसणार मी, पोरी? मला दुकान आहे."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी व्यासपीठावर चढले. तिथे काय बोलले ते आज लिहिण्याचं धाडस नाही.

आई

 

सान्ता रीता, २४ मार्च

नेरेइदा, माझ्या बाळा,

तुझं पत्र आलं. मी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, आणि दोन्या चेन्चाला वाचून दाखवलं. ईस्टरच्या पवित्र आठवड्यात तू रेनाताला घेऊन चार दिवस येणार. आणि खाली तू लिहिलं आहेस, "झोप कोणालाही लागते, आई. मीही कामावरून आले की बसल्याबसल्या झोपते. ते आता आपण सोडून देऊ."

हे वाक्य मला ठेवून घ्यायचं होतं. तीन दिवस ठेवलंही. इतकं मऊ वाक्य मला आयुष्यात कोणी लिहिलं नाही, आणि ते मी फुकटात खाल्लं असतं तर कोणाला कळलंही नसतं. दोन्या चेन्चा एवढंच म्हणाली की सांगायचं असेल तर लेक यायच्या आधी सांग. आल्यावर सांगशील तेव्हा तिला जायला जागा नसेल.

तर ऐक. मला झोप लागली नव्हती.

रेनाता अंगणात खेळत होती. मी तिला सांगितलं, इथेच बस हं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. बाटली घेतली आणि तिथेच दोन घोट घेतले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही हेच सगळ्यात वाईट आहे. मागच्या फाटकातून आत आले तर हौदाभोवती पाणीच पाणी होतं आणि तिचा एक बूट पडलेला. भिंतीपलीकडे दोन्या फिना माझ्या नावाने हाका मारत होती आणि रेनाता खोकत होती. जिवंत आहे हे मला त्या खोकल्यावरून कळलं. कोणतीही आजी भिंत ओलांडून धावली असती. मी बाटली गोधडीखाली सारली, झोपायच्या दोरीच्या झोळीत आडवी झाले आणि डोळे मिटून घेतले. दोन्या फिनाने येऊन मला हलवलं तेव्हा मी जागं झाल्याचं सोंग केलं. तू आलीस, माझ्यावर ओरडलीस, तेव्हाही मी डोळे चोळत होते. पोर पलीकडे खोकत असताना मी झोपायचं नाटक करत पडून होते, नेरेइदा. झोपलेल्या बाईला लोक क्षमा करतात, हे मला तेव्हाच सुचलं होतं.

हेच मी तीन फेब्रुवारीला व्यासपीठावर बोलले. कोणी उठून गेलं नाही. खाली उतरल्यावर फिदेन्सिओने मला एक पाव दिला आणि दोन्या चेन्चाने कॉफी. त्या लोकांनी मला पुन्हा शेजारी बसू दिलं, म्हणून तुला लिहायचं बळ आलं. पण ते गटातले लोक आहेत, त्यांनी तसंच काहीतरी केलेलं आहे. तू काही केलेलं नाहीस. तेव्हा तुला तसं वाटलं पाहिजे असं काही नाही.

हे वाचून तिकीट परत करायचं असेल तर कर. मी फोन करणार नाही, मामाला मध्ये घालणार नाही. गेल्या पंधरा ऑगस्टपासून मी प्यायलेले नाही, आज धरून. उद्याचं मला सांगता येत नाही, तिथे कोणालाच सांगता येत नाही. उद्या पाच वाजता जाईन, एवढं सांगता येतं.

आणि आलीस तर माझं एक ऐक. रेनाताला माझ्याजवळ एकटी ठेवू नकोस. कोपऱ्यावर टोर्तिया आणायला जायचं असलं तरी तिला बरोबर घेऊन जा. मी म्हणेन, जा गं तू, मी बघते हिला. मी नक्की म्हणेन, आणि इतक्या चांगल्या तोंडाने म्हणेन की तुला खरं वाटेल. तेव्हा थांबू नकोस, तिचा हात धर आणि चल. तू शेजारी बसलेली असताना ती माझ्या मांडीवर आली, तर तेवढं मला पुष्कळ आहे.

टोर्तिया मी सकाळीच आणून ठेवीन, म्हणजे तुला उठावं लागणार नाही.

तुझी आई,
ओदिलिया